पिवळी चौकट

दाएंग चायांचा मॉनिटर सकाळी आठपासून बंद होता, आणि अकरापर्यंत त्यांनी चाळीस ऑर्डरी टाइप केल्या होत्या. मागची वायर सैल झाली होती. मी पाणी प्यायला उठले तेव्हा माझ्या लक्षात आलं. पडदा ठार काळा, आणि बाई कानाला हेडफोन लावून खटाखट बोटं चालवतायत. चाळीसच्या चाळीस नोंदी बिनचूक निघाल्या.

"दाएंग, मॉनिटर बंद आहे तुमचा," मी हळूच म्हणाले.

बोटं थांबली. "कधीपासून?"

"ते तुम्हीच सांगा."

त्या हसल्या नाहीत. माझं मनगट घट्ट धरलं. "हिकमा, पोरी, कुणाला बोलू नकोस. मधलं सगळं पुसल्यासारखं झालंय. कडेचं तेवढं दिसतं. निवृत्तीला चार वर्षं आहेत, आणि नवरा माझा अंथरुणाला खिळलेला. चार वर्षं ढकलू दे मला."

मी बोलले नाही. तीन वर्षं बोलले नाही.

आमचं ऑफिस मकासरच्या बंदरामागे आहे. तांदूळ, तेल, गॅस, पिण्याच्या पाण्याचे कॅन, असा सगळा माल आम्ही बारक्या बारक्या बेटांवर होडीने पाठवतो. बेटावरचे दुकानदार फोन करतात, आम्ही ऐकून भरतो. वाचायचं काही नसतंच. बेट, माल, नग, होडी, चारच रकाने. एका रकान्यातून दुसऱ्यात जायला टॅब, शेवटी एन्टर, आणि काही चुकलं तर मशीन टुंई करून ओरडतं. दाएंगांना तेवढं बास होतं. डोळस असलेल्या आम्ही चौघी मिळूनही त्यांच्या वेगाच्या जवळपास जात नव्हतो.

मग नवं सॉफ्टवेअर आलं. रंगीबेरंगी, जिथेतिथे माउस फिरवायचा. बसवायला आलेल्या जाकार्ताच्या इंजिनिअरशी मी अक्षरशः भांडले, रकान्यांचा क्रम जुनाच ठेव आणि सगळं टॅबवर चालू दे म्हणून. त्याला वाटलं, ही बाई हेकट आहे. वाटू दे. पुढे दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत मी दाएंगांना नवा पडदा शिकवला. मध्ये भाजक्या केळ्यांची ताटली, आणि माझं आपलं चालू, "बेट झालं, एक टॅब. माल झाला, दोन टॅब."

"हळू बोल गं," त्या म्हणायच्या, "भिंतीला कान असतील, आणि ते माझ्यापेक्षा तिखट निघाले तर?"

महिन्याभरात त्या पुन्हा आमच्या पुढे. मला केवढा अभिमान वाटायचा! तो अभिमानच नडला. बैठकीत साहेब, पाक लुकास, म्हणाले, काम आणखी झटपट कसं होईल सांगा. मी फुशारकीने हात वर केला. दर वेळी होडीचं नाव कशाला लिहायचं? बहुतेकदा मागच्या ऑर्डरीचीच होडी असते. पडद्यावर एक चौकट येऊ दे, 'मागचीच होडी?' एन्टर दाबलं की हो. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. चौकट पुढच्या महिन्यात येणार होती. दाएंगांना सांगायचं, असं मी ठरवलं होतं. आज सांगू, उद्या सांगू. मग चुलत बहिणीच्या लग्नाला तीन दिवस गावी गेले आणि मेंदी, पाहुणे, जेवणावळी यांत पार विसरले.

चौकट मी गावी असतानाच, गुरुवारी आली. पिवळी, पडद्याच्या बरोबर मध्ये, आणि आवाज न करता.

दाएंग नेहमीसारखं होडीचं नाव लिहीत राहिल्या. ते कुठेच उमटत नव्हतं. चौकट त्यांचं फक्त एन्टर तेवढं घेत होती. एकोणीस ऑर्डरी एकाच होडीवर चढल्या, दक्षिणेच्या. त्यांत उत्तरेच्या तानाकेबो बेटाचे साठ कॅन पाणी होतं. कोरडा हंगाम, विहिरी खारट झालेल्या. चार दिवस बेटावर गोडं पाणी पोचलं नाही. तिथल्या दुकानदार बाई फोनवर किंचाळत होत्या, "पोरांना खारं पाणी उकळून पाजतेय मी! तुमच्या साहेबाला आणा इथे, त्यालाही पाजते!"

सोमवारी साहेबांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. मला, कारण चौकट माझी. पडदा आमच्याकडे वळवून ते म्हणाले, "एकोणीस वेळा ही एवढी मोठी चौकट समोर आली, दाएंग. एकदाही वाचावीशी वाटली नाही? आंधळ्यालासुद्धा दिसेल हो!"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी दाएंग बोलल्या.

"लेकीशी बोलत होते मोबाइलवर. लक्ष नव्हतं माझं."

त्यांनी कामाच्या वेळी मोबाइल पर्समधून काढलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि साहेबांनीही नसावा. पण आंधळेपणापेक्षा निष्काळजीपणा पटायला सोपा असतो.

साहेब माणूस वाईट नाही. कपाळ चोळत ते म्हणाले, "घरी नाही पाठवत तुम्हाला. अकरा महिने राहिलेत. उद्यापासून गोदामात बसा. खोक्यावरचं लेबल वाचायचं आणि यादीत खूण करायची. डोळे उघडे ठेवले की झालं."

"उपकार झाले, साहेब," दाएंग म्हणाल्या.

बाहेर बोळात मला रडू फुटलं. "मी आत जाते. खरं काय ते सांगते. चौकट मी मागितली, तुम्हाला सांगायला मी विसरले."

"आणि मला सांगावं का लागतं, म्हणून विचारलं तर?"

दाएंगांनी आवाज खाली आणला.

"तीन वर्षं बेटांच्या पाण्यावर एक आंधळी बसवलीस, हे सांगशील? मग माझ्या आधी तुला काढतील. तुझी धाकटी भावंडं अजून शाळेत आहेत. मी उद्या राजीनामा देते, गुडघे दुखतात म्हणून. गोदामात तासाभरात उघडी पडेन, त्यापेक्षा हे बरं."

"पण दाएंग, अकरा महिने..."

"तू काही बोलायचं नाहीस. शपथ आहे तुला."

आणि मी श्वास सोडला. सांगायलाच हवं, म्हणून सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. नोकरी वाचली, भावंडं वाचली, आणि शपथ घालून दाएंगांनीच दार लावून घेतलं, मला लावावं लागलं नाही. तो सगळा सुटकेचा श्वास एकदम बाहेर पडला, लांबलचक, मला आवरताच आला नाही.

दाएंगांनी तो ऐकला. त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला आणि तसाच राहिला.

"बरं वाटलं ना?" त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. मग भिंतीला हात लावत त्या जिन्याकडे निघाल्या. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले नाही.