राजाला हवंय काय?

सातवीच्या वर्गाने बसवायला घेतलेल्या नाटकात तीन लढाया होत्या, एक महापूर होता आणि शेवटी राजवाड्याला आग लागत होती. लिहिणारी होती बडबडी. खरं नाव हजेरीपुरतं. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचा नाही, म्हणून हे नाव पडलेलं. राजाचं दीड पानी भाषण तिचंच आणि राजाही तीच.

नाटकाच्या नव्या बाई ठेंगण्या, घोगऱ्या आवाजाच्या. ‘ह्या काय नाटक शिकवणार!’ असं बडबडीला वाटलं. बाईंनी सगळं नाटक मन लावून वाचलं आणि विचारलं, “राजाला हवंय काय?”

“राज्य,” बडबडी म्हणाली.

“ते तर आहे की त्याच्याकडे!”

वर्ग खो खो हसला. बडबडीचा चेहरा पडला.

“हसू नका, एवढं लिहायलाही दम लागतो,” असं म्हणत बाईंनी आपली खुर्ची ओढून वर्गाच्या मधोमध ठेवली. “हा दवाखाना. बसायला ही एकच जागा. झालं आपलं नेपथ्य. बडबडे, तू बस. तुला सणसणीत ताप आहे.”

आणि बाई दाराबाहेर गेल्या.

आत आली ती दुसरीच कुणी. भिंतीला धरून, एक पाय जपून टाकत एक म्हातारी आली. तिने खुर्चीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली, जागा मागायची लाज वाटावी तशी. तोंडातून चकार शब्द नाही. पुढच्या बाकावरच्या दोघी “आजी, बसा” म्हणत ताडकन उठल्या, मग जीभ चावून खाली बसल्या. बडबडी डोळे फाडून बघत राहिली. आत्ता खुर्ची ओढणाऱ्या बाई गेल्या कुठे?

बाई ताठ झाल्या. “तू का नाही उठलीस गं?”

“बाई, मला ताप आहे ना!”

“शाब्बास!” बाईंचे डोळे लकाकले. “दोघींना खुर्ची हवी आणि दोघींचंही खरं. हा संघर्ष. आता पुढे काय होणार, याची उत्सुकता लागली ना? तिथून कथानक चालू लागतं.”

“आणि संवाद?”

“बोलल्यावाचून राहवत नाही, तेव्हा येतो तो.”

त्या दिवसापासून बडबडी बाईंच्या मागे सावलीसारखी फिरू लागली. तिने लढाया काढल्या, पूर काढला. आग मात्र जड मनाने काढली. उरला राजा आणि त्याचा धाकटा भाऊ. भावाला घर सोडून जायचंय, राजाला तो हवाय.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. भाऊ निघाला. तालमीतल्या दीड पानी भाषणाच्या जागी राजा नुसता उभा राहिला, मग हळूच म्हणाला, “जेवून तरी जा.”

 टाळ्यांचा कडकडाट झाला.

पडद्यामागे बाईंनी विचारलं, “हे वाक्य कुठून आणलंस?”

“दादा वसतिगृहात जायला निघाला की आई म्हणते.”

बाईंचा हात तिच्या खांद्यावर आला. “एवढी वर्षं नाटकं करूनही,” त्या म्हणाल्या, “मला सुचलं नसतं गं.”