नऊ नंबरची चिठ्ठी

"यातलं नऊ नंबरचं कोणतं?" आरोपीच्या वकिलांनी टोपलीत डोकावत विचारलं.

टोपलीत पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली अकरा कासवं होती आणि एकाच्याही पाठीवर नंबराची चिठ्ठी नव्हती. चोरून विकायला नेताना आमच्या वनखात्यानं ती एका सुटकेसमध्ये पकडली, त्याला सात महिने झाले. मुद्देमालाचा कारकून मी. खटला संपेपर्यंत मुद्देमाल सोडायचा नाही, म्हणून ही जिवंत जनावरं माझ्या खोलीत, कातड्यांच्या आणि शिंगांच्या शेजारी. दर तारखेला टोपली घेऊन कोर्टात यायचं आणि पुढची तारीख घेऊन परत जायचं. नुसता वैताग.

"चिठ्ठ्या कुठे गेल्या?" न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, नियमानं त्या लाखेनं चिकटवायच्या. पण तापलेली लाख जित्या पाठीवर कशी ओतू? डिंकानं लावल्या. मग जनावरांचे डॉक्टर म्हणाले, रोज कोमट पाण्यात बसवा. त्यात निघाल्या."

"म्हणजे ही बदललेली नाहीत कशावरून?" वकील हसत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अहो, बदलून काय करू? नऊ नंबर ही. काकडी दिसली की दुसऱ्यांच्या डोक्यावरून चालत येते. सुट्टीला घरी नेतो, तर आमची ही तिला आत्याबाई म्हणते. हे चार, मागचा पाय ओढतं. पकडलं त्या दिवशीचे फोटो आहेत फाइलमध्ये, पाठीवरच्या रेघा जुळवून बघा! अठरा होती साहेब. सात मेली तारखांच्या नादात."

न्यायाधीशांनी खरंच फोटो मागवले. अकराच्या अकरा जुळली. फोटो पुरावा म्हणून ठेवा आणि जिवंत कासवं जंगलात सोडा, असा हुकूम झाला. मला तर पेढे वाटावेसे वाटले.

पण हुकमाची नक्कल हातात आल्याशिवाय मुद्देमाल सोडता येत नाही. नक्कल विभागात गेलो, तर शिक्का मारणारे रजेवर. परवा या. परवा गेलो, तर टंकलेखनात चूक. सोमवारी या.

"तुम्ही जरा ओरडा ना तिथे," रविवारी कासवं घरी नेली तेव्हा बायको म्हणाली. "आत्याबाईंनी काकडीला तोंड लावलं नाही आज."

ओरडलो. त्याचा एवढाच उपयोग झाला की खिडकी बंद झाली.

आठव्या दिवशी नक्कल मिळाली. धावत खोलीवर आलो. आत्याबाईंची मान बाहेर होती. बोट लावलं, तरी ती आत गेली नाही.

दहा कासवं जंगलात सोडली. अकरावीचं काय, म्हणून आमच्या ऑफिसातल्या साहेबांना विचारलं, तर हुकमावरून नजर न उचलता म्हणाले, "जिवंत सोडा असं लिहिलंय. मेलेला मुद्देमाल खटला संपेपर्यंत ठेवायचा. आणि या वेळी चिठ्ठी नीट लावा."

मी डॉक्टरांकडून कवच साफ करून आणलं. चिठ्ठीवर नऊ लिहिलं, लाख वितळवली. आता तिला चटका बसणार नव्हता, तरी मी लाख जराशी निवू दिली.