सत्तेचाळीस किलो जास्त

विमान विजेवर उडणार होतं, वीज कारखान्याच्या छतावरच्या सौरपट्ट्यांतून येणार होती, आणि ही सगळी कल्पना साहेबांना अंघोळ करताना सुचली होती. उरलेलं किरकोळ काम, म्हणजे विमान तयार करणं, त्यांनी नऊ माणसांवर सोपवलं.

त्यांतली एक तराजूबाई. खरं नाव हजेरीपटावर असेल. पण विमानात जाणारा प्रत्येक स्क्रू आधी काट्यावर ठेवायचा हे तिचं काम, म्हणून सगळे तिला तराजूबाईच म्हणायचे. विमान दोन माणसांचं, बॅटरीचे डबे सहा, आणि ते डबे म्हणजे नुसते धोंडे. तिने ग्रॅमाग्रॅमासाठी भांडून तीन महिन्यांत बारा किलो वाचवले. साहेबांनी ते एका दुपारी उधळले. अस्सल चामड्याच्या खुर्च्या आल्या. हिरव्या रंगाचे चार हात बसले, कारण निसर्गप्रेम लांबून दिसलं पाहिजे. वर पंखांनाही सौरपट्ट्या चिकटवल्या. त्यांच्या विजेवर उडता उडता चहाचं आधण ठेवता आलं असतं, फार तर.

"दोन माणसं बसली, की सत्तेचाळीस किलो जास्त भरतंय," तिने सांगितलं.

"मग बॅटरीचे दोन डबे काढा. नाहीतरी ते कुणाला दिसत नाहीत."

"साहेब, विमान त्यांच्यावरच उडतं."

"तुमचा हा नन्नाचा पाढाच कंपनीला जड होतोय बघा!"

साहेबांनी लेखी हुकूम काढला. पायलटने तो शांतपणे वाचला आणि म्हणाला, "ठीक आहे. मग चालवायला तुम्हीच बसा. मी खालून हात हलवतो."

डबे राहिले. सत्तेचाळीस किलोही राहिले.

घरी तिने आईपुढे डोकं धरलं. आईने जन्मभर लोकांचे कपडे शिवलेले. ती म्हणाली, "अगं, मापं सांगून गिऱ्हाईक ऐकत नाही. त्याला चार लोकांत आरशासमोर उभं करावं लागतं."

उड्डाणाच्या दिवशी पाहुणे आले, कॅमेरे आले. साहेब पायलटशेजारी बसायला निघाले, तर विमानाच्या दाराशी तराजूबाई काटा घेऊन उभी.

"पायलटचं झालंय. आता तुमचं. नियमच आहे, साहेब."

कॅमेऱ्यांसमोर नाही कसं म्हणणार? साहेब पोट आत ओढून काट्यावर चढले. काटा भिडस्त नव्हता. एकशे चार.

"तुम्ही बसलात तर विमान मर्यादेबाहेर जातं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "उतरलात तर उडेल."

साहेब काट्यावरून उतरले. मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "पर्यावरणासाठी मी माझी जागा सोडतोय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. काहींनी तर डोळे पुसले.

विमान पंख्यासारखं घूं करत धावलं आणि अलगद उचललं गेलं. पुढची एकतीस मिनिटं तराजूबाईच्या जिवात जीव नव्हता. विमान उतरलं, पायलट बाहेर आला आणि म्हणाला, "वर इतकं शांत होतं, की माझंच पोट गुरगुरताना ऐकू आलं." ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यागमूर्ती साहेबांचा फोटो झळकला. त्याच दिवशी त्यांनी चार जणांच्या विमानाची घोषणा केली आणि ते काम तिच्या गळ्यात घातलं. तिने एक कागद पुढे केला: वजनाबाबत शेवटचा शब्द तराजूबाईचा.

साहेबांनी न वाचता सही ठोकली.