बुधवारी उभी राहणारी गाडी

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. कर्करोगाच्या पेशंटना घरून दवाखान्यात नेते आणि परत घरी सोडते, एवढंच माझं काम. माझ्या वयाच्या गाड्या निमूटपणे भंगारात गेल्या. मला मात्र थोडं भांडायचं आहे.

मला एका व्यापाऱ्याने पेशंटना मदत करणाऱ्या संस्थेला दान दिलं आणि माझ्या दोन्ही बाजूंना स्वतःचं नाव एवढं ऐसपैस रंगवून घेतलं, की संस्थेच्या नावाला जागा उरली ती मागे, नंबरपाटीच्या खाली. पुढे कुणी सीटकव्हरं दिली, त्यांवर नाव. कुणी पडदे दिले, त्यांवर नाव. बॅटरी मात्र कुणी दिली नाही. बॅटरीवर नाव घातलं तर ते वाचणार कोण?

मी चालते ती कोपऱ्यावरच्या न्हावीदादामुळे. त्याची आई माझ्यातूनच उपचाराला जायची. ती वाचली नाही. तरी दर महिन्याला दुकानाच्या भाड्याआधी तो आमचे पैसे बाजूला काढतो. त्या पैशांचं डिझेल होतं आणि जळून जातं. म्हणून त्याचं नाव माझ्या अंगावर कुठेच नाही.

आणि मंगळवारी मला चालवतात ते बंबवाले काका. जन्मभर आगीचा बंब पळवलेला माणूस, पण खड्डा आला की मला असं उतरवतात, जणू मागे दुधाचं काठोकाठ भरलेलं पातेलं आहे.

मागे असते शिवणवाली ताई. तिच्या घशात गाठ आहे. रविवार सोडून रोज दवाखान्यातल्या मशीनखाली किरणांचा शेक घ्यायचा आणि एकही दिवस चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलंय.

आता माझ्या रागाचं कारण ऐका. एका मंगळवारी संस्थेचा समारंभ होता. अध्यक्षसाहेबांनी मला घासूनपुसून सभागृहाच्या दारात उभं केलं, रिबिनी बांधल्या आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. आत ते माइकवरून सांगत होते, "आपली गाडी एक दिवसही थांबत नाही!" मी बाहेर थांबले होते.

भाषण संपवून ते पाहुण्यांना घेऊन फोटोसाठी बाहेर आले, तर समोर काका.

"साहेब, किल्ली द्या. ताई दारात बसून असेल."

"अहो काका, एक दिवसाचा तर प्रश्न आहे! फोटोत गाडी नको का?"

"आग लागल्यावर मी बंब फोटोसाठी थांबवला असता, तर चाललं असतं तुम्हाला?"

"फुकट काम करता म्हणून वाट्टेल ते बोलाल?"

"फुकट करतो म्हणूनच बोलतो. पगार घेत असतो, तर गप्प बसलो असतो."

तेवढ्यात ताई स्वतःच आली. वाट पाहून दवाखान्याकडे चालत निघाली होती, वाटेत मी उभी दिसले; घामाने डबडबलेली, गळ्याला ओढणी. आवाज पार बसलेला. अध्यक्षांच्या जवळ जाऊन ती कुजबुजली, "दादा, मशीन बंद व्हायची वेळ झाली हो."

पाहुणे एकमेकांचे बूट न्याहाळू लागले. किल्ली निघाली. काकांनी फिरवली, आणि मी नुसती खोकले. बॅटरी! घासूनपुसून चकचकीत केलेली गाडी जागची हलेना.

"आता बघता काय?" काका ओरडले. "लावा हात!"

मग काय, कोट घातलेली माणसं मागे लागली. अध्यक्षसाहेबांचा हात नेमका नंबरपाटीवर पडला, संस्थेच्या नावापाशी. वर्षभरात प्रथमच! मी सुरू झाले आणि सगळा धूर त्यांच्या तोंडावर सोडला. मला जराही वाईट वाटलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मशीनवाला अंगातला एप्रन काढत होता. ताईकडे पाहून त्याने तो पुन्हा चढवला.

त्या दिवशी शरमेपोटी बऱ्याच जणांनी हात वर केले. "आम्ही येऊ, गाडी चालवू!" बाकीच्या वारांना माणसं होतीच, रिकामा होता तो बुधवार. एक जण आला, माझ्याशेजारी उभा राहून स्वतःचा फोटो काढला आणि पुढच्या बुधवारी त्याची कंबर धरली. दुसऱ्याकडे पाहुणे आले. तिसऱ्याचा फोन लागतच नाही. काकांनी बुधवारही घेतला असता, पण त्या दिवशी त्यांना स्वतःचे डोळे तपासायला जायचं असतं. बॅटरी तेवढी बदलली. तीही न्हावीदादानेच.

मित्रांनो, माझ्या अंगावर आता नावाला जागा नाही आणि मला ते नकोही आहे. दर महिन्याला थोडं द्या, पण न चुकता द्या. आठवड्यातला एकच वार द्या, पण तो वार पाळा. एकदाच येऊन डोळे पुसणार असाल, तर कृपा करा, घरीच पुसा.

आज मंगळवार आहे. काकांनी ताईला आत्ताच घरी सोडलं. उतरताना तिने माझ्या दारावर हात ठेवला आणि विचारलं, "काका, उद्या कोण येणार?"

काकांनी उत्तर दिलं नाही. तुम्ही द्या.