थाळीवर घेतलेलं नाव

माघातलं ऊन सुरगाण्याच्या डोंगरांवर उतरलं होतं. पिवळं, पातळ, तापातून उठलेल्या माणसासारखं. सागाची पानं गळून वाटेवर पसरली होती. कापलेल्या नागलीच्या खुंटांतून वारा रिकाम्या हाताने फिरत होता. त्या धूलिधूसर, पर्णमर्मरित वाटेने देवराम भोये घरी निघाला होता, आणि त्याचे पाय जड झाले होते.

नाशिकला त्याला लोक ओळखत. ‘काळकडा’ या मेटल बँडमध्ये तो बास गिटार वाजवी. त्यांच्या नव्या अल्बममध्ये दाही दिशा एकत्र नांदत होत्या. मंगोलियाच्या माळांवरचं खर्जगंभीर कंठगान होतं, आयर्लंडची हिमशीतल बासरी होती, आफ्रिकेचे ढोल होते. आणि या साऱ्यांच्या तळाशी गिटारांची गर्जना, कृष्णमेघांसारखी, पाताळातून उठणारी. शेवटच्या गाण्याला मात्र घरचं काहीतरी हवं होतं. देवरामने बापाची काशाची थाळी आणली.

थाळीच्या मध्यावर मेण, मेणात उभी काडी. काडीवरून ओली बोटं खाली ओढली की नाद उठतो. अखंड, आर्त, अंधारवर्णी. त्या नादावर भोयांच्या घरात मेलेल्या माणसाची कथा म्हणतात; देवरामचा बाप ती म्हणत असे. कथा नावावाचून सुरू होत नाही. ज्याचं नाव घेतलं, तो नदी ओलांडून पूर्वजांत पोचतो. पोचलेल्याला मग कुणी हाक मारत नाही. मारली, तर तो बिचारा माघारी वळतो आणि ना इकडचा, ना तिकडचा होतो.

“कुणाचंही नाव घे रे,” बँडचा गायक केदार म्हणाला होता. मनाचा उमदा, पण भारी घाईचा. “ऐकणाऱ्याला काय कळतंय?”

कुणाचं घ्यावं? बाप केव्हाच पोचला होता. त्याला पुन्हा वाटेवर आणून उभं करायचं? जित्या माणसाचं घेणं म्हणजे त्याला हाताने नदीपार लोटणं. देवराम बोटं ओली करून बसून राहिला. बोटं सुकली, पुन्हा ओली केली. मग त्याने स्वतःचंच नाव घेतलं. दुसऱ्या कुणाला बाधा नको, एवढाच त्याचा भाबडा विचार. भाबड्याचं पाप भाबड्यालाच भोवतं.

गाणं गाजलं. मैदानं भरली. रक्तवर्ण प्रकाशात उसळलेली गर्दी मुठी उंचावून, घसे फोडून त्याच्या बापाचे शब्द गर्जू लागली: जा देवराम, जा, मागं बघू नको. मंचावर उभा राहून देवराम स्वतःचा निरोप वाजवत राहिला. त्याला भीती वाटे, खरीखुरी. पण भीती मरणाची नव्हती, आईची होती. हे गाणं डोंगर चढून तिच्या कानी पडू नये, एवढंच त्याचं मागणं होतं. आता मोबाइल कुठल्या डोंगराला अडतो?

आई अंगणात वाल निवडत होती. तिने मान वर केली. डोळे सुजलेले होते, कोरडे होते.

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “सगळी कथा म्हटलीस. बापासारखी.”

“आई, ते नुसतं गाणं होतं गं.”

“थाळीला ते कसं कळावं?”

“मी जिता हाये ना. हा बघ, तुझ्यासमोर.”

“हायेस. म्हणून तर भाकर टाकते. बस.”

तो बसला. नागलीची भाकर, वालाची आमटी, तेच हात, तीच माया. काहीच बदललं नव्हतं, फक्त आल्यापासून तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं.

“आई,” तो शेवटी म्हणाला, “एकदा नावाने हाक मार.”

तिचे ओठ हलले. लहानपणी समोरच्या टेकडीवरून त्याला ओढून आणणारं ते लांबवून घेतलेलं नाव तिच्या गळ्यापर्यंत आलेलं त्याला दिसलं. तिने पदर तोंडाशी नेला.

“नको. वाटेत अडकशील.”

तांबूस, तमोमय सांज खाली आली. पाड्यावरच्या बाया दारादारांत उभ्या राहून पोरांना हाका मारू लागल्या. एकेक नाव टेकडीवर जाई, एकेक पोर धावत येई, एकेक कवाड लागे. अंगणात देवराम तेवढा उरला. आईने दार सताड उघडं ठेवलं, दिवा उंबऱ्यावर आणून ठेवला, आणि पदराचा बोळा दातांत धरून ती त्याच्याकडे बघत राहिली; गप्प, गप्प, गप्प.