दीड वाजता जेवण

आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षं बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलं काय, तर चाकांवरचं घर! "आयुष्यभर राहून गेलेलं सगळं आता बघायचं," म्हणाले. मीही भुलले.

बारा दिवस झाले. मी काय पाहिलं? कांदे.

ह्यांनी वहीत वेळापत्रक लिहून ठेवलंय. दीडला पोचायचं म्हणजे दीडलाच. मधे गाडी थांबवणं ह्यांच्या रक्तात नाही, आणि थांबल्याबरोबर समोर ताट हवं. म्हणजे गाडी धावत असताना मी मागे शेगडीपाशी, एका हाताने पातेलं धरलेलं, दुसऱ्याने स्वतःला. तेल तापायला आणि वळण यायला एकच वेळ कशी सापडते, देव जाणे. खिडकी आहे, पण तिच्यावर सगळी वाफ. पुढून आवाज येतो, "अगं, बघ बघ, काय डोंगर आहे!" मी हात पुसून पुढे जाईपर्यंत डोंगर मागे गेलेला असतो.

काल सुनेचा फोन आला. "आई, बाबांनी फोटो पाठवला तो धबधबा काय सुंदर आहे हो!"

कुठला धबधबा? मी तेव्हा रस्सा ढवळत होते. इतका संताप आला की रडूच कोसळलं.

आज ह्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि अर्धा रस्सा खाली. पाय थोडक्यात वाचला.

"सांडलं का गं काही?"

मी गॅस बंद केला आणि पुढे ह्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"अगं, जेवणाचं काय?"

"गाडी चालू तर शेगडी बंद. आजपासून."

"दीडला पोचतोय आपण!"

"पोचा की."

पोचलो, बरोब्बर दीडला, एका तळ्याकाठी. आधी ह्यांनी तोंड फुगवलं. मग पोटात कावळे ओरडायला लागल्यावर गुपचूप आत गेले. मी बाहेर खुर्ची टाकून तळ्याकडे तोंड करून बसले. आत भांड्यांची आदळआपट सुरू झाली.

"अगं, मीठ कुठे आहे?"

घरी असं विचारायचे तेव्हा मी मनाची समजूत घालायचे, की घर मोठं आहे, माणूस सतत बाहेर असतो, त्याला कसं ठाऊक असणार? इथे मधोमध उभं राहून हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात.

"शोधा," मी म्हटलं.

"एकदा येऊन दाखव ना."

सवयीने मी उठलेसुद्धा. मग परत बसले. समोर एक पांढरा पक्षी पाण्यावर उतरत होता, आणि तो उतरेपर्यंत मी कुठेही जाणार नव्हते.