खांबाला मिळाले, मला नाही

मी एक जुनी पिकअप गाडी आहे आणि माझे नाक मोडलेले आहे. मित्रांनो, हसू नका. ते कसे मोडले, यापेक्षा मोडल्यानंतरच्या अर्ध्या तासात काय घडले, ते मला सांगायचे आहे.

समुद्राकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी फ्राए जिल्ह्यातल्या प्रानोमकाकीकडे आले. पहिल्याच आठवड्यात तिने मला देवळात नेले. भिक्खूंनी माझ्या छताला आतून आशीर्वादाचे पांढरे ठिपके लावले आणि आरशाला हार बांधला. तेव्हा माझा रंग असा चमकत होता, की कोंबड्या माझ्यात तोंड पाहून चोची मारायच्या. पुढे अठरा वर्षे मी काकीच्या केळ्यांचे घड वाहिले, शेजाऱ्यांच्या वराती वाहिल्या, आणि काकीचा नवरा थोंगबाय याची मूत्रपिंडे निकामी झाल्यावर त्याला आठवड्यातून तीनदा चौतीस किलोमीटरवरच्या इस्पितळात नेऊ लागले. तिथे यंत्रावर त्याचे रक्त शुद्ध करतात. एक खेप चुकली की त्याचे पाय सुजतात, दोन चुकल्या की श्वास अडतो. त्या बाजूला सकाळची बस जात नाही. मीच त्याची बस होते.

आता माझ्या विम्याचे सांगते. एवढ्या म्हाताऱ्या गाडीला पहिल्या वर्गाचा, म्हणजे कशानेही मोडली तरी पैसे देणारा विमा कोणी देईना. एजंटबाईंनी टू-प्लस नावाचा विमा दिला. "पहिल्यासारखाच आहे हो, जवळजवळ!" त्या म्हणाल्या. त्या 'जवळजवळ'मध्ये काय दडले आहे, हे काकीने विचारले नाही. तिने तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात, गुरूंच्या ताईताशेजारी ठेवला. रोज निघताना ती दोन्हींना हात जोडायची. ताईत वाचायचा नसतो, तसा तिने कागदही कधी वाचला नाही. मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नव्हते, हे कबूल करते.

एका सकाळी इस्पितळाला जाताना वळणावर म्हशीचे रेडकू अचानक समोर आले. काकीने मला डावीकडे ओढले. रेडकू वाचले. मी विजेच्या खांबावर आदळले. माझे नाक आत गेले, पाणी भळभळा वाहू लागले, आणि थोंगबायचे कपाळ समोरच्या काचेवर आपटून फुटले.

बचावपथकाची गाडी लगेच आली. थोंगबायला आत घेताना तो काकीला म्हणाला, "तू इथंच थांब. गाडीचं बघ. गाडी नसली तर परवा मी जाणार कसा?"

काकी थांबली.

तेवढ्यात शेजारचा सावात आपली पिकअप घेऊन आला. त्यानेच विमा कंपनीला फोन लावला. मग माझ्याकडे आणि खांबाकडे पाहून त्याने कपाळावर हात मारला.

"काकी, घात झाला! टू-प्लसमध्ये समोर दुसरी गाडी लागते. गाडीला गाडी ठोकली तरच आपल्या गाडीचे पैसे. खांब चालत नाही."

"असं कसं? ठोकर ती ठोकरच ना?"

"कागदात तसंच आहे. पण घाबरू नका, मी आहे ना! माझी गाडी आणून हिच्या नाकाला भिडवतो. सांगायचं, सावात चुकीच्या बाजूनं आला. कंपनीचा माणूस यायला अजून वीस मिनिटं आहेत."

काकीने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा इस्पितळाच्या रस्त्याकडे, आणि होकारार्थी मान हलवली.

सावातने गाडी सुरू केली. मित्रांनो, मी खोटे बोलू शकत नाही, पण खरेही बोलू शकत नाही. त्याची गाडी पुढे सरकत होती. दहा हात उरले, मग पाच. माझ्या नाकावर खांबाचे सिमेंट चिकटलेले होते आणि ते कोणालाच दिसत नव्हते. मला फार भीती वाटली.

एकाएकी काकी दोन्ही गाड्यांच्या मधे येऊन उभी राहिली.

"थांब! पोलीस विचारतील, यांचं डोकं कोणी फोडलं. तेव्हा तुझं नाव सांगू?"

"सांगा की! मी काय पळून जातोय?"

"गाढवा, गुन्हा लागेल तुझ्यावर! बायको बाळंत व्हायची आहे तुझी. घे मागे!"

सावात काहीतरी पुटपुटत गाडी मागे घेत होता, तोच कंपनीची मुलगी मोटारसायकलवरून आली. तिचे नाव रुंगनापा. काकीने तिला रेडकापासून सगळे खरे सांगितले. सांगताना ती रडली. रुंगनापाने माझे फोटो काढले, सिमेंटवरून बोट फिरवले.

"काकांच्या जखमेचा खर्च प्रत्येक गाडीला जो सरकारी सक्तीचा विमा असतो त्यातून मिळेल, काकी, चूक कोणाची का असेना. खांबाची भरपाई टू-प्लसमधून होईल, कारण ती दुसऱ्याची मालमत्ता. पण गाडीचं... नाही मिळणार."

"म्हणजे खांबाचं भलं झालं," काकी म्हणाली, "आणि माझी म्हातारी तेवढी उघड्यावर!"

"आणि समजा, माझ्या गाडीनं ठोकलं असतं तर?" सावातने अगदी सहज विचारल्यासारखे केले.

"मग कंपनीनं हिची दुरुस्ती केली असती, आणि सगळा खर्च तुमच्याकडून वसूल केला असता."

सावात खाली बसला.

त्या दिवशी इस्पितळात थोंगबायच्या कपाळाला सात टाके पडले आणि रक्तही शुद्ध झाले. माझा सांगाडाच वाकला होता. मेकॅनिकने नकारार्थी मान हलवली. मी परसात येऊन उभी राहिले ती कायमची.

दोन दिवसांनी पहाटे सावात आपली गाडी घेऊन दारात हजर झाला. थोंगबाय आत बसला. काकी मात्र बाहेरच उभी.

"आधी तुझ्या गाडीच्या विम्याचा कागद दे," ती सावातला म्हणाली.

"काकी, उशीर होतोय!"

"होऊ दे. नर्सच्या शिव्या मी खाईन."

तिने चष्मा लावला आणि बोट फिरवत एकेक ओळ मोठ्याने वाचली. न कळलेल्या ओळी दोनदा वाचल्या. मित्रांनो, अपघाताआधी माझा कागद असा कोणी वाचला असता, तर तिला निदान ठाऊक असते, की माझ्या नाकाच्या दुरुस्तीचा भार तिच्यावरच आहे. तुमच्या घरच्या गाडीला धुवा, पुसा, हार घाला. पण आज आईबाबांना तिच्या विम्याचा कागद वाचायला बसवा, आणि 'काय मिळणार नाही' असे लिहिलेले पान आधी वाचा.

थोंगबाय त्या दिवशी वीस मिनिटे उशिरा पोचला. नर्स रागावली. काकीने ऐकून घेतले.